कार्डांना प्रश्न विचारणारा माणूस

काकांचा मला हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. ते जाऊन इतकी वर्षं झाली, डहाणूत त्यांना ओळखणारी माणसंही आता फारशी उरली नाहीत, तरी कुणी त्यांचं नाव काढलं की मी पहिल्यासारखाच विषय बदलतो. मेलेल्या माणसाचा हेवा करणं शोभत नाही हे मला कळतं. पण हेवा काही शोभेचा विचार करून येत नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मासळीबाजारात. उंच, वाळकी शरीरयष्टी, भर उन्हाळ्यात काळा कोट, आणि कोटाच्या वरच्या खिशातून डोकावणारी स्वेटर विणायची लांब सुई. एका मासेवालीसमोर ते अगदी अदबीने उभे होते.

“आज सकाळी झाईहून आलेले, बर्फ न लावलेले, आणि वितीपेक्षा लहान नसलेले, असे बोंबील तुझ्याकडे आहेत का?”

मासेवालीने त्यांच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. “घ्यायचं हाय का नाय?”

“ते नंतर. आधी आहेत का, ते सांग.”

“झाईचे हायेत. बर्फ नाय लावला. पन लहान-मोठे सगळे मिसळलेत.”

“मग मोठे वेगळे कर.”

“तूच कर ना रं बाबा!”

आणि हा गृहस्थ कोटाच्या बाह्या वर सारून खरोखर खाली बसला. भराभर मोठे बोंबील एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला काढले, हात धुतले, म्हणाला, “आता कुणी विचारलं तर सांगता येईल तुला,” आणि निघून गेला. एकही बोंबील घेतला नाही. ते शाकाहारी होते हे मला पुढे कळलं. त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाला मासेवालीने धड उत्तर दिलं नव्हतं, ते त्यांना सहन झालं नव्हतं, एवढंच.

आठवड्याने ते आमच्याच ऑफिसात येऊन बसले.

आमची पेढी स्टेशनजवळ होती. चिकू दिल्लीकडे पाठवायचं काम. घोलवड, बोर्डी, झाई, इकडे चिंचणी, आत तलासरीपर्यंतचे बागायतदार आमच्याकडे माल घालायचे. शेठ गुजराती होते. कुठल्या बागेत फळ तयार आहे, कुठे ट्रक पोचतो, कुणाचा माल टिकतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. पण बागा वाढल्या आणि डोकं पुरेना. मुंबईत एका मोठ्या ऑफिसात त्यांनी कार्डं वेगळी करणारी यंत्रं पाहिली होती. यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून त्या यंत्रावर काम केलेला माणूसच ते घेऊन आले. तेच काका. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं. “मशीनपेक्षा हा बरा,” शेठ म्हणायचे. “तेल नाय लागत. फक्त मगज खाय छे.”

मी तिथे कारकून होतो. वडील रेल्वेत पार्सल क्लार्क होते, आणि त्यांच्यासारखं आयुष्यभर पार्सलांचे डाग मोजत बसायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. शेठने मला काकांच्या हाताखाली दिलं तेव्हा माझा ऊर भरून आला. नवीन विद्या होती, आणि ती शिकणारा जिल्ह्यात मी एकटाच असणार होतो.

विद्या दिसायला साधी होती. प्रत्येक बागायतदाराचं एक जाड कार्ड. कार्डाच्या चारही कडांना बारीक भोकांची रांग, आणि प्रत्येक भोकाला एक अर्थ ठरलेला. हे झाईचं, हे चिंचणीचं, हे विहिरीवर इंजिन असल्याचं, हे पावसात ट्रक बागेपर्यंत जात असल्याचं. जी गोष्ट खरी असेल तिच्या भोकाची कड चिमट्याने कापायची, तिकीट तपासनिसाचा असतो तसल्या चिमट्याने, म्हणजे भोकाची खाच व्हायची. मग गठ्ठा उभा धरून त्या भोकातून सुई घालायची आणि उचलायची. खाच असलेली कार्डं खाली पडायची, बाकीची सुईवर लटकून राहायची. झाईचे बागायतदार हवेत, तर झाईच्या भोकातून सुई घाला, जरा हलवा. पडले ते झाईचे.

“सुई मूर्ख असते,” काका म्हणायचे. “आणि तेच तिचं मोठेपण. तुम्ही जे विचाराल तेच ती ऐकते, तुमच्या मनात काय होतं ते नाही.”

विचारण्याचे त्यांचे नियम होते. काय हवं, कुठल्या गठ्ठ्यातून हवं, कुठल्या अटीवर, कुठल्या क्रमाने. एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, “काका, चांगले बागायतदार कसे काढायचे?” त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. “चांगल्याचं भोक कुठाय? दाखवा.” मी शोधल्यासारखं केलं. ते थांबले, खरंच थांबले, जणू मला ते सापडेल अशी त्यांना आशा होती.

ही खोड ऑफिसपुरती असती तर एक वेळ चाललं असतं. न्हाव्याने “सगळे बारीक करू?” म्हणून विचारलं तर ते खुर्चीतून उठायचे. ‘सगळे’ हा शब्द त्यांना चालत नसे. “सगळं मागणाऱ्याला काय हवंय ते माहीत नसतं.” एकदा त्याच न्हाव्याला त्यांनी सांगितलं, “काळे कापा, पांढरे राहू द्या.” न्हावी बिचारा कात्री घेऊन घामाघूम झाला. कुणी “कसं काय, बरं आहे ना?” म्हटलं तर ते उभे राहून विचार करायचे, आणि समोरचा निघून गेल्यावर उत्तर द्यायचे.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण त्यांच्या बोटांतून सुई गठ्ठ्यात शिरायची तेव्हा मी हसायचं थांबायचो. शेठने प्रश्न विचारायचा अवकाश, काका क्षणभर डोळे मिटायचे, प्रश्न मनात उलटापालटा करायचे, मग दोन-तीनदा सुई, आणि टेबलावर नेमकी हवी ती कार्डं. मला ते हवं होतं. ते डोळे मिटणं हवं होतं.

माझी फजिती व्हायला वेळ लागला नाही. काका चहाला गेले असताना शेठ आले. “झाई आणि चिंचणीचे काढ ना भाई, पटकन. गाडी भरायची छे.” मी मोठ्या ऐटीत झाईच्या भोकातून सुई घातली. पडली ती कार्डं उचलली, त्यांतून चिंचणीची सुई घातली. एकही कार्ड पडलं नाही. पुन्हा केलं. नाहीच.

“शेठ, असा एकही बागायतदार नाही.”

“एकही नाय? अरे, मारो सगो साळो झाईमां छे!”

शेठच्या मेहुण्याचीच बाग झाईला होती. सगळं ऑफिस हसलं. काका दारात उभे होते. ते हसले नाहीत. “उत्तर बरोबर आहे,” ते म्हणाले. “एकच बाग झाईतही आणि चिंचणीतही आहे, असं कार्ड आपल्याकडे नाही. शेठ ‘आणि’ म्हणाले, पण त्यांना ‘किंवा’ हवं होतं. माणसं असंच बोलतात. सुई घालायच्या आधी ते ओळखायचं.”

मला वाटलं, मी ते विसरेन. विसरलो नाही, ते एका वेगळ्याच कारणाने.

काका एकटे राहायचे. ज्या बाईंकडे ते जेवायचे त्या लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा शेठने मला सांगितलं, “थोडे दिवस तुमच्याकडे जेवतील.” थोड्या दिवसांची वर्षं झाली.

माझं लग्न होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माझी बायको सुमन चिंचणीची. तिचे वडील शाळामास्तर होते, ती मॅट्रिक झालेली, तोंडाने फटकळ, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेली. माझ्या घरात तिला ते वापरायला फारशी जागा नव्हती. काका पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा तिने रीतीप्रमाणे विचारलं, “वरण कसं झालंय?”

“कशाच्या मानाने?” काका म्हणाले.

सुमन हसली. खुदकन, मान मागे टाकून. लग्न झाल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. “इथे तुम्ही पहिल्यांदाच जेवताय, तर आमटीच्या मानाने सांगा.”

“आमटीच्या मानाने मीठ कमी, हिंग जास्त.”

ते गेल्यावर ती मला म्हणाली, “तुम्ही रोज ‘छान झालंय’ म्हणता. चवीने म्हणता का सवयीने?”  हेव्याची सुरुवात नेमकी कुठून झाली असं कुणी विचारलं, तर मी त्या वरणाकडे बोट दाखवीन.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी झाई-चिंचणीचा किस्सा तिला सांगितला. सगळ्यांसमोर माझं हसं झालं यावर ती हळहळेल अशी माझी अपेक्षा. ती पोळी लाटता लाटता थांबली. “अहो, मी तुम्हाला म्हटलं की बटाटे आणि कांदे आणा, तर तुम्ही बटाट्यात कांदा शोधत बसाल का?”

काकांचा घास हातात राहिला. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बागायतदारांच्या गठ्ठ्यातून नेमकं हवं ते कार्ड पडल्यावर ते ज्या नजरेने पाहत, ती नजर. माझ्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. पुढेही पाहिलं नाही.

“बाई,” ते म्हणाले, “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

बाकीचं जग तिला वहिनी म्हणायचं. ते बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

तेव्हापासून जेवणाची शाळा झाली. काका खराब झालेली कार्डं घेऊन यायचे. मला जे कळायला महिने लागले होते ते ती ताटं वाढता वाढता उचलायची. ‘नको असलेले’ कसे मिळवायचे, तर सुईवर जे राहतात तेच ते. ‘किंवा’ असेल तर एका भोकातून पडलेली बाजूला ठेवायची आणि उरलेल्यांना दुसऱ्या भोकातून विचारायचं, म्हणजे एकच कार्ड दोनदा हातात येत नाही. ही शेवटची युक्ती मी काकांकडून शिकलो होतो. तिला ती सांगावी लागली नाही.

मग तिने लग्नाच्या जुन्या आमंत्रणपत्रिका कापून आमच्या आळीचीच कार्डं केली. कुणाच्या नळाला दुपारी पाणी असतं, कोण साखर उसनी देतं, कोण दारात उभं राहून चौकशा करतं. सुई तिने स्वतःची घेतली, माझ्यासाठी सुरू केलेल्या स्वेटरची. त्या स्वेटरची पाठ तेवढी झाली, पोट कधी झालं नाही. एका संध्याकाळी तिने काकांपुढे मोठ्या थाटात प्रश्न मांडला. “जे साखर देतात, आणि परत मागत नाहीत, आणि कशाला हवी म्हणून विचारत नाहीत, असे शेजारी. आळीतून. घर जवळ असेल तो आधी.” सुई घातली. हलवली. एकही कार्ड पडलं नाही. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी ताकभात खात होतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. काका तिच्या वडिलांच्या वयाचे होते, आणि दोघांच्या मनात काही वावगं नव्हतं. तसला संशय मला एक दिवसही आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. भांडता आलं असतं, त्यांचं जेवण बंद करता आलं असतं. इथे भांडणार कशावरून? तिचं डोकं त्यांच्या डोक्याशी बोलतं, म्हणून? मला दोघांचाही हेवा वाटायचा. तिला ते मिळाले म्हणून तिचा, आणि त्यांना ती मिळाली म्हणून त्यांचा. आपल्याच घरात, आपल्याच पाटावर बसून.

चैत्रात आम्ही तिघं महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो. चारोटीला उतरून गर्दीतून देवळापर्यंत चालत. मी देवीकडे बढती मागितली. काका हात जोडून बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर सुमनने विचारलं, “काका, काय मागितलंत?”

“काही नाही. मागणं नीट तयार होईना. म्हणून नुसताच नमस्कार करून आलो.”

तिने पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाली, “माझंही झालं नाही.”

“का?” मी विचारलं. तिने ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि काकाही तिच्याशी बोलले नाहीत. काय चाललंय ते एकट्या मलाच कळत नव्हतं.

त्यानंतरच्या हंगामात दिल्लीची मोठी मागणी आली. अट एकच, माल बिनकिडीचा हवा. त्या वर्षी चिकूत अळी होती. शेठने काकांना बागा काढायला सांगितल्या. काकांनी किडीच्या भोकातून सुई घातली. कीड असलेल्यांची कार्डं पडली, ती बाजूला केली. सुईवर राहिले ते बिनकिडीचे. त्यांच्याकडे निरोप गेले, पेट्या यायला लागल्या, मालगाडीची वाघीण स्टेशनात लागली. त्या संध्याकाळी काका खुशीत होते. इतक्या मोठ्या कामाला एकच सुई पुरली होती.

सुमनने सगळं ऐकून घेतलं. “पण काका, सगळ्यांच्या बागा बघितल्या होत्या?”

“ज्यांच्याकडे कीड सापडली त्यांच्या खाचा केल्या.”

“ते कळलं. ज्यांच्याकडे कुणी गेलंच नाही, त्यांचं काय?”

“खाच नाही म्हणजे नाही.” काका नेहमीच्या ठामपणाने म्हणाले. “भोक असतं, नाहीतर खाच असते. तिसरं काही नसतं, बाई.”

सुमनने हातातलं भांडं खाली ठेवलं. “माझ्या भावाचं कार्ड असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

तिला भाऊ होता हे मला माहीत होतं. लग्नाच्या आधीच तो मालवाहू बोटीवर नोकरीला गेला. सुरुवातीला पत्रं यायची, मग थांबली. कंपनीने सांगितलं, तो कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत बोटीवर आला नाही. चिंचणीच्या घरात हा विषय कुणी काढत नसे. म्हणून मीही कधी काढला नाही. तो मला माझा समजूतदारपणा वाटायचा.

“लोक विचारतात, भाऊ आहे का?” ती काकांशी बोलत होती, माझ्याशी नाही. “आहे म्हटलं तर खोटं वाटतं. नाही म्हटलं तर आईला आत जाऊन बसावं लागतं. तुमच्या सुईवर तो नसलेल्यांत लटकत राहील, काका. पण तो नाही, असं कुणी बघून आलेलं नाही.”

काका उठले. अर्धं ताट तसंच होतं. हात धुवायचंही विसरले. दाराशी वळून म्हणाले, “माझ्या कार्डांत ‘माहीत नाही’ला जागाच ठेवलेली नाही,” आणि गेले.

मी ताटाकडे बघत बसलो. माझ्या डोक्यात चिकू नव्हता, दिल्ली नव्हती. ती आजवर जे माझ्याजवळ बोलली नव्हती, ते त्या माणसाजवळ बोलली होती. तेही मी समोर असताना.

सकाळी स्टेशनात तमाशा झाला. काका वाघिणीच्या दारात आडवे उभे राहिले. हमालांनी पेट्या खाली ठेवल्या. शेठ धावत आले.

“गाडी जाशे, भाई! बाजूला खसो!”

“नाही. यातल्या किती बागा आपण पाहिल्याच नाहीत ते मला सांगता येत नाही. त्या मी बिनकिडीच्या म्हणून दिल्या. चूक माझी आहे.”

“तमारी चूक?” शेठला विश्वास बसेना. काका चुकतात ही बातमीच नवीन होती. “कोणे कह्युं?”

“यांच्या घरून कळलं,” काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पार्सल ऑफिसच्या दारात माझे वडील उभे होते, त्यांचा चेहरा फुलला. शेठने माझ्या खांद्यावर हात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्या फलाटावर मी कुणीतरी झालो, एक श्वास घेण्याइतका वेळ.

“यांनी नाही,” काका म्हणाले. “यांच्या पत्नीने सांगितलं.”

त्यांना त्यात दुष्टपणा करायचा नव्हता. कार्डावर चुकीची खाच पडलेली त्यांना बघवत नसे, एवढंच. खांद्यावरचा हात निघाला. वडील आत गेले.

पेट्या उघडल्या. तलासरीकडच्या कितीतरी पेट्यांत अळी निघाली. वाघीण अर्धीमुर्धी भरून गेली. शेठने काकांना सगळ्यांसमोर वाटेल तसं बोलून घेतलं आणि काकांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग ते एसटीने, जिथे एसटी नव्हती तिथे पायी, न पाहिलेल्या बागा पाहत फिरले. मला बरोबर नेलं.  परत आल्यावर त्यांनी सगळा गठ्ठा नव्याने करायला घेतला. प्रत्येक गोष्टीला आता दोन भोकं. एक ‘आहे’चं, आणि शेजारी एक ‘बघितलं’चं. शेठ म्हणाले, खर्च कोण देणार? काकांनी स्वतःच्या पगारातून कार्डं आणली.

पहिलं नवं कार्ड त्यांनी सुमनपुढे ठेवलं. “बाई, बरोबर आहे का बघा.” तिने भोकांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. माझ्यासमोर त्या माणसाने कधी कुणाची परवानगी घेतली नव्हती.

पुढे त्यांची नजर अधू झाली. भोकं एकमेकांत मिसळून दिसायला लागली. मुंबईला बहिणीकडे जायचं त्यांनी ठरवलं. आता कार्डं कोण बघणार, शेठने विचारलं. सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं, आणि मीही स्वतःकडे त्याच नजरेने बघत होतो. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती. कामात मी आता चुकत नव्हतो.

“संध्याकाळी विचारून सांगतो,” काका म्हणाले.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले, पाटावर बसले नाहीत. उभ्यानेच सुमनला म्हणाले, “बाई, पेढीवर माझ्या जागेवर काम कराल का?”

“काका, तिला घर…” मी सुरू केलं.

“प्रश्न त्यांना आहे,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

सुमनने माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी नव्हे. मी हे कसं सोसतोय ते तिला बघायचं असावं. मग म्हणाली, “करीन. मला करायचंय.”

डहाणूत बायका शाळेत शिकवायच्या, दवाखान्यात नर्स होत्या. पेढीवर गिऱ्हाइकांसमोर बसणारी ती पहिलीच असावी. शेठने आधी नाक मुरडलं. मग तिने दोन प्रश्न सोडवून दाखवले, आणि शेठ तिला बेन म्हणायला लागले. मी माल रवाना करायच्या कामाला गेलो, म्हणजे वडिलांसारखे डाग मोजायला.

काकांना गाडीत बसवून द्यायला मी गेलो. सुमनला ऑफिस होतं. दुपारची पॅसेंजर, फलाटावर ऊन, त्यांच्याजवळ एक वळकटी आणि छत्री. मी वळकटी आत ठेवली, खाली उतरलो आणि खिडकीशी उभा राहिलो. इतकी वर्षं गिळलेलं तोंडाशी आलं.

“काका, माझ्यात काय कमी होतं?”

त्यांनी डोळे मिटले. शेठच्या प्रश्नांना मिटायचे तसेच. मला ते बघूनही बरं वाटलं, निदान माझा प्रश्न त्यांना प्रश्न वाटला.

“कमी काही नव्हतं,” ते म्हणाले. “तुम्ही उत्तर आधी ठरवून येता. मग प्रश्न विचारता.”

“म्हणजे?”

“आताही ठरवूनच आला होतात. मी ‘बुद्धी’ म्हणेन असं वाटलं होतं ना?”

तसंच वाटलं होतं.  गाडी हलली. त्यांनी हात केला नाही. ते समोरच्या बाकावरच्या माणसाला काहीतरी विचारत होते, आणि तो माणूस गोंधळून मागे सरकत होता. ते मुंबईला गेले आणि तीन-चार हंगामांनंतर तिकडेच वारले. सुमन दोन दिवस जेवली नाही. माझे वडील गेले तेव्हा ती एक दिवस जेवली नव्हती. हे मी मोजायला नको होतं, पण मोजलं.

ते वारल्याची बातमी आली त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळची वेळ. ती मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती. माझ्या मनात रोजचाच प्रश्न होता. तुला ते माझ्यापेक्षा जवळचे होते का? त्याचं उत्तर मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं, कितीतरी वर्षांपूर्वी. तो प्रश्न घेऊन मी तिच्यापर्यंत गेलो आणि तोंडातून दुसराच निघाला.

“सुमन, तुझा भाऊ कसा होता?”

तिचे हात थांबले. “आज कसं काय विचारताय?” मग, “काकांनी सांगितलं होतं का, विचारा म्हणून?”

एवढं करूनही श्रेय त्यांनाच. मला हसू आलं आणि रागही आला. “नाही,” मी म्हणालो. “मला माहीत नाही, म्हणून विचारतोय.”

तिने सूप बाजूला ठेवलं.

“तो डावखुरा होता,” ती म्हणाली. “आई चिडायची. डाव्या हाताने जेवू देत नसे. मग तो माझ्या ताटाच्या उजव्या बाजूला चिकटून बसायचा, म्हणजे त्याचा डावा हात माझ्या आडोशाला जाईल आणि आईला दिसणार नाही.”

हे मला माहीत नव्हतं. हे तिने त्यांना सांगितलं होतं का, हा प्रश्न माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आला. तो मी तिथेच गिळला, पाट ओढून तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, “पुढे?”